संसदेच्या दोन सभागृहांबाबत या चुका टाळा

ठाण्यातील एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या सराव उत्तरपत्रिका तपासतो आणि अधूनमधून रहिवाशांनी खासदारांना देण्यासाठी लिहिलेली निवेदनेही वाचून देतो. दोन्हीकडच्या चुका एकाच मुळातून येतात. लोकसभा म्हणजे दिल्लीतील विधानसभा आणि राज्यसभा म्हणजे दिल्लीतील विधान परिषद, असे समीकरण आपण महाराष्ट्रातील माणसे नकळत मांडून बसलेलो असतो.

हे समीकरण अर्धेच खरे आहे. विधानसभेने मंजूर केलेले साधे विधेयक विधान परिषद पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना रोखून धरू शकते. त्यानंतर विधानसभेचेच म्हणणे चालते. राज्यसभेला असे बाजूला सारता येत नाही. तिने साधे विधेयक फेटाळले किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ तसेच ठेवले, तर अनुच्छेद १०८ नुसार राष्ट्रपतींनी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावणे हाच ते पुढे नेण्याचा मार्ग उरतो. हा मार्ग आजवर तीनदाच वापरला गेला आहे: १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंधक विधेयकासाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करणाऱ्या विधेयकासाठी आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी ‘पोटा’साठी. घटनादुरुस्तीला तर हा मार्गही बंद आहे, कारण ती प्रत्येक सभागृहाने स्वतंत्रपणे आणि विशेष बहुमताने मंजूर करावी लागते.

येथे वर्तमानपत्री भाषेमुळे आणखी एक गोंधळ होतो. सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी राष्ट्रपती दोन्ही सभागृहांसमोर अभिभाषण करतात, आणि त्यालाही ‘संयुक्त अधिवेशन’ म्हटले जाते. तेथे कोणत्याही विधेयकावर मतदान होत नाही. अनुच्छेद १०८ च्या बैठकीत मात्र मतदान होते, आणि तिचे अध्यक्षपद लोकसभा अध्यक्षांकडे असते. ‘उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असल्यामुळे तेच अध्यक्षस्थानी असतात’ हे उत्तर मी इतक्या वेळा खोडले आहे की आता लाल शाई आपोआप त्या ओळीकडे वळते.

‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ हे शब्द, माझ्या मते, उत्तरात वापरूच नयेत. ते वाचून राज्यसभेला लोकसभेचा निर्णय फिरवण्याचा अधिकार असावा असा समज होतो. मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या फक्त लोकसभेला जबाबदार असते आणि अविश्वास ठराव तेथेच मांडता येतो. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार लोकसभेतील विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडले, तेव्हा राज्यसभेतील संख्याबळाचा प्रश्नच उद्भवला नाही. उलट राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतील, विषयावर संसदेला कायदा करू द्यायचा असेल किंवा नवी अखिल भारतीय सेवा निर्माण करायची असेल, तर त्यासाठीचा दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव राज्यसभाच करू शकते.

पैशाचा उल्लेख आला की ते धन विधेयक, ही समजूतही सोडावी. अनुच्छेद ११० मध्ये दिलेल्या बाबींपुरतेच मर्यादित असलेले विधेयक धन विधेयक ठरते आणि तसे प्रमाणपत्र लोकसभा अध्यक्ष देतात. मग राज्यसभेला चौदा दिवसांत शिफारशी करता येतात, पण त्या स्वीकारणे लोकसभेवर बंधनकारक नसते. म्हणूनच हे प्रमाणपत्र वादाचे कारण होते. २०१६ मध्ये धन विधेयक ठरवलेल्या आधार विधेयकावर राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने नाकारल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा निकालाने तो कायदा बव्हंशी टिकला.

राज्यसभा विसर्जित होत नाही, तिचे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, हे सर्वांना पाठ असते. पण त्यावरून ‘राज्यसभेत मांडलेले विधेयक कधीच व्यपगत (आपोआप रद्द) होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. महिला आरक्षणाचे २००८ चे विधेयक राज्यसभेतच मांडले गेले आणि मार्च २०१० मध्ये तेथे मंजूरही झाले, परंतु ते लोकसभेत प्रलंबित असताना २०१४ मध्ये ती विसर्जित झाली आणि विधेयकही संपले. म्हणजे विधेयक कोठे जन्मले एवढेच पाहू नये. विसर्जनाच्या क्षणी ते कोठे होते, हेही पाहावे.

आता निवेदनांकडे वळतो. ‘आम्ही पदवीधरांनी आपल्याला राज्यसभेवर निवडून दिले’ असे वाक्य एका निवेदनात होते. संबंधित गृहस्थांनी कोकण पदवीधर मतदारसंघात मतदान केले होते, आणि तो मतदारसंघ विधान परिषदेचा आहे. महाराष्ट्रातील राज्यसभेचे १९ सदस्य विधानसभेचे निवडून आलेले आमदार एकल संक्रमणीय मताने, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन, निवडतात.

लोकसभेचा खासदार ठरवतानाही पत्त्यातील शहराचे नाव फसवते. नवी मुंबईतील ऐरोली आणि बेलापूर हे विधानसभा मतदारसंघ ठाणे लोकसभेत येतात, त्यामुळे वाशी किंवा नेरुळच्या रहिवाशाने ठाण्याच्या खासदाराकडे जावे हे बरोबर. मात्र मुंब्रा-कळवा कल्याण लोकसभेत आणि पनवेल, म्हणून खारघर व कामोठेही, मावळ लोकसभेत मोडतात. खारघरमधील एका सोसायटीचे निवेदन केवळ याच कारणाने चुकीच्या दारात पडून राहिले होते.

दार बरोबर असले तरी विषय तपासावा. ठाणे-वाशी मार्गावरील लोकलच्या फेऱ्या हा रेल्वेचा, म्हणून केंद्राचा विषय आहे. इमारतीत पाणी कमी दाबाने येणे हा संसदेत विचारण्याचा प्रश्न नव्हे, त्यासाठी महापालिकाच गाठावी. खासदाराने प्रश्न विचारावा अशी अपेक्षा असेल, तर निवेदन अधिवेशन सुरू झाल्यावर नेऊन अनेकदा उपयोग होत नाही, कारण प्रश्नाला किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर आणि पुढे पूरक प्रश्न विचारण्याची संधी असली, तरी लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्नच यादीत येतात आणि त्यातीलही सगळे पुकारले जात नाहीत. फेऱ्यांची संख्या, मंजूर निधी, कामाची मुदत अशी आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्नाची विनंती करावी. त्याचे लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते, आणि पुढच्या निवेदनात प्रश्नाचा क्रमांक व तारीख देऊन त्याचा हवाला देता येतो.