वांग घासून जात नाही

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आला, काळपट डाग. गल्लीतली म्हातारी दारातूनच म्हणाली, "काय वं माय, तोंडाले राख फासली का?" त्या रात्री मी भांड्याची नवी घासणी घेतली, साबण लावला आणि गाल लाल होईस्तोवर घासले. आठ दिवसांनी डाग आधीपेक्षा गडद. मग आणखी घासले. पोरगा आता २२ वर्षांचा आहे, म्हणजे इतक्या वर्षांचा माझा हा अभ्यास. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. निंदण, कापसाची वेचणी, चूल, सगळं मीच करते. तेव्हा जे सांगते ते उन्हातल्या बाईसाठी आहे.

कातडी रंग तयार करते ती स्वतःच्या बचावासाठी. ऊन लागलं, घासलं, भाजलं, खाजवलं, की ती आणखी रंग ओतते. म्हणून वांग मळासारखा घासून निघत नाही, घासण्यानं तो वाढतोच. आयुर्वेदात याला व्यंग म्हणतात. सुश्रुतानं कारण सांगितलंय क्रोध आणि आयास, म्हणजे राग आणि श्रम, त्यानं वात-पित्त बिघडतं. एका वैद्यबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा हसूच आलं. राग आणि श्रम, अजून काय असतं आमच्याजवळ?

आधी उन्हाचा बंदोबस्त. तो न करता लेप लावणं म्हणजे कुंपण न घालता चणा पेरणं, रोही, म्हणजे नीलगाय, रात्रीतून साफ करते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सगळ्याच दुपट्टा बांधतात. पण दिवाळीनंतर वेचणीच्या वेळी हवा गार असते, दुपट्टा गळ्यात लोंबतो आणि दिवसभर ऊन थेट गालावर पडतं. माझा वांग दरसाल त्याच दिवसांत गडद व्हायचा, हे कळायलाच मला चार हंगाम लागले. जाड सुती दुपट्टा दुहेरी घ्या, गालाची हाडं झाकली पाहिजेत. त्याखाली एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा. रंग असलेलं, कातडीच्या रंगाचं मिळालं तर वांगाला जास्त चांगलं. नैसर्गिक नाही म्हणून नाक मुरडू नका. घाम फार येतो, म्हणून मी दुपारच्या न्याहारीला तोंड टिपून पुन्हा लावते. चुलीची धगही वांग वाढवते, तर फुंकणी लांब धरा आणि तोंड बाजूला ठेवा.

आता लेप. जुन्या लेपांत रक्तचंदन, मंजिष्ठा, लोध्र, वडाचे कोंब, मसूर अशी नावं येतात. मी यातलं सगळं वापरत नाही. हिंगणघाटला काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठा आणि ज्येष्ठमध आणते, मसूर घरचीच. भुकटी घेण्यापेक्षा काड्या घेऊन दळलेल्या बऱ्या, भेसळ कळते. वाटीभर मसूर डाळ पुसून सावलीत वाळवायची, मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यानं गाळायची. रवाळ राहिली तर तीच घासणी झाली. एक चमचा हे पीठ, अर्धा चमचा ज्येष्ठमधाची भुकटी, चिमूटभर मंजिष्ठा, कच्च्या दुधात कालवायचं. ज्येष्ठमधातला एक घटक कातडीचा रंग बनवण्याचं काम मंदावतो, म्हणून तो सोडू नका. हळद मात्र नखभरच. आमच्याजवळची वायगावची हळद चांगली गडद, जास्त घातली की दोन दिवस पिवळं तोंड घेऊन फिरावं लागतं.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली काही आलं तर तो लेप तुमचा नाही. नसेल आलं तर आठवड्यात दोनदा, संध्याकाळी, कामं आटोपल्यावर लावायचा. १०-१२ मिनिटं. कडक वाळून तडकू देऊ नका, ओलसर असतानाच पाण्यानं भिजवून सोडवा, ओरबाडू नका. नंतर कोरफडीचा गर. पान कापल्यावर उभं ठेवून पिवळा चीक पूर्ण गळू द्यायचा, धुवायचं, मग गर काढायचा. तो चीक कातडीला झोंबतो.

आमच्या जाऊबाईंनी एकदा कुठंतरी ऐकून लिंबू चोळलं आणि तशाच शेतात गेल्या. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते. हनुवटीवर रस ओघळला होता तिथं काळी रेघ उमटली, ती पुढच्या पोळ्यापर्यंत होती. संत्र्याच्या सालीची ताजी पेस्टही मी त्याच भीतीनं उन्हात लावत नाही, नागपूर इतकं जवळ असूनही. आणि बिब्ब्याजवळ तोंड नेऊ नका. बिबे फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहा, तेल जिथं लागतं तिथं आधी फोड, मग काळा वण.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र घरातली नव्हती. आठवडी बाजारात एका दुकानातून मी एक ट्यूब आणली, डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळ. गावात विचारणा व्हायला लागली, मी दोघींना नावही सांगितलं, त्याची लाज अजून आहे. तीन महिन्यांत गाल लाल, ऊन सोसेना, ओठांवर लव. बंद केली तर वांग दुप्पट. नंतर कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यात स्टेरॉइड होतं आणि कातडी पातळ झाली होती. त्यानंतर वर्षभर मी तोंडाला नुसतं पाणी आणि खोबरेल लावलं. तर आठ दिवसांत गोरं करणारं काही दिसलं की उलटून मागची अक्षरं वाचा, वाचता येत नसतील तर ठेवून द्या.

कपाळाच्या कडेला आणि कानाजवळ काळं येत असेल तर केसांची काळी मेंदी तपासा. तिच्यातल्या रंगानं अनेकींना असं होतं. टिकली एकाच जागी रोज, तिथं खाज आणि डाग, तर ती बदला. गरोदरपणातला वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिका होतो, घाई करू नये. पाळणा लांबवायच्या माला-एनसारख्या गोळ्यांतल्या संप्रेरकानंही वांग येऊ शकतो. पण गोळी मनानं बंद करू नका, आशाताईला विचारा. छाया गोळीत ते संप्रेरक नसतं.

मानेमागचा आणि काखेतला काळेपणा वेगळा. मखमलीसारखा जाड लागतो, लोक त्याला मळ समजून पोरींना टोमणे मारतात. "मान घास वं" हे मी माझ्या भाचीलाही म्हटलं होतं. तिची साखर तपासली तर वाढलेली निघाली. तिथं लेपाचं काम नाही, रक्ताच्या तपासणीचं आहे. कोपर-गुडघ्यांना मात्र तिळाचं तेल रात्री कोमट करून लावलं तरी पुरतं, वजरी फक्त टाचांना.

आणि एखादा चट्टा काळा नसून फिका किंवा तांबूस असेल, त्यावर सुई टोचलेली कळत नसेल, घाम येत नसेल, तर लेप बंद आणि थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. विदर्भात कुष्ठरोग अजून आहे, औषध फुकट मिळतं, आणि लवकर गेलं की हातापायांचं नुकसान टळतं. लाजून घरीच हळद लावत बसलेली एक बाई मला माहीत आहे, तिची दोन बोटं वाकली.

वांग फिका व्हायला तीन-चार महिने धरा. पूर्ण जाईलच असं नाही, माझाही डाव्या गालावर पुसट आहे. लेपाची भुकटी पावसाळ्यात डब्यात गुठळ्या होऊन किडते, म्हणून मी दसऱ्याच्या आसपास नवी दळते. पहिली वेचणी लागायच्या आत डबा भरलेला असतो आणि दुपट्टा खुंटीवर.