बाजारातली नवी कोंबडी जुन्या कोंबड्यांत कशी मिसळावी

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी जुन्या खुराड्यात सोडू नका. मी एकदा सोडली. पाचव्या दिवशी तिला हिरवी-पांढरी हगवण लागली, मान पिळवटली आणि पंधरवड्यात घरच्या अकरा कोंबड्यांतल्या दोनच उरल्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत. लस टोचली होती, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्याच्या शब्दावर जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आता नवी कोंबडी मी किमान तीन आठवडे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि शेवटी हातपाय धुवायचे. भांडी वेगळीच. पंखांखाली, शेपटीखाली पिसं फाकवून उवा बघा. लोळायला चुलीची राख आणि कोरडी माती द्या. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला होता. म्हणून पटापट मर लागली तर उघड्या हाताने मेलेल्या कोंबड्या उचलू नका, आधी दवाखान्यात कळवा.

तीन आठवडे नीट गेले की मध्ये पऱ्हाट्यांची ताटी किंवा जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवा. एकमेकींना बघू द्या, चोच पोचू देऊ नका.

मग दिवेलागणीनंतर नव्यांना उचलून जुन्यांच्या दांडीवर बसवा. अंधारात कोंबडीला फार दिसत नाही, भांडण होत नाही. पहाटे मात्र तुम्ही तिथे हजर हवं. एकटी कोंबडी कधीच सोडू नका, दोन-तीन बरोबर सोडा. सगळ्यांचा राग एकीवर निघत नाही. दाण्याची भांडी दोन, लांब लांब. आडोशाला एखादं डालगं उपडं घाला. नवी पिल्लं असतील तर ती जुन्यांच्या अंगाएवढी होईपर्यंत थांबा.

आठवडाभर पाठलाग, तुऱ्यावर टोचणं चालतं. त्यातून त्यांची पायरी ठरते. रक्त दिसलं तर तिला लगेच बाजूला काढा, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, कोंबड्या आधीच चोच वासून धापा टाकत असतात.

एखादी जुनी फारच दांडगाई करत असेल, तर नवीला नको, त्या जुनीलाच चार दिवस वेगळं बांधा. परतल्यावर कळपात नवखी तीच असते.