दुसरं दुकान उघडताय? जुना नंबर सोडू नका

मेन रोडच्या जुन्या दुकानासोबत कॉलेज रोडला दुसरं दुकान टाकलं की पहिला मोह होतो तो नव्या नंबरचा. तो टाळा. जुना नंबर बिलांवर, पिशव्यांवर, गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं बसलेला असतो. तोच दोन्हीकडे वाजेल अशी सोय करा.

दोन-तीनच माणसं असतील तर साधं कॉल फॉरवर्डिंग पुरतं: जुना फोन बिझी असला किंवा कुणी उचलला नाही, की कॉल दुसऱ्या दुकानात. फोन सतत खणखणत असेल तर परवानाधारक कंपनीकडून क्लाउड पीबीएक्स, म्हणजे नेटवरून चालणारं टेलिफोन एक्स्चेंज, घ्या. त्यात दोन्ही दुकानांना एक्स्टेंशन, म्हणजे आतले छोटे नंबर, मिळतात. 'जरा कॉलेज रोडला बघून सांगतो' म्हणत फोन ठेवावा लागत नाही, कॉल थेट तिकडे जोडता येतो. 'यासाठी एक दाबा'ची रेकॉर्डिंग मात्र दोन पर्यायांच्या पुढे नेऊ नका. साडीचा रंग विचारणाऱ्या मावशी तिसऱ्या पर्यायाला फोन ठेवतात.

नेटवरच्या एका कॉलला साधारण 100 केबीपीएस (सेकंदाला 100 किलोबिट) एवढाच वेग लागतो, म्हणजे नेटचा वेग हा प्रश्न नाही. प्रश्न विजेचा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर पंखे, दिवे, बिलिंग सगळं होतं, राउटर तेवढा राहिला होता. ऐन दिवाळीत लाइट गेली आणि तासभर फोन मुका. राउटरसोबत फायबरचा डबाही (नेटची केबल ज्यात येते तो) बॅकअपवर घ्या, आणि नेटच बंद पडलं तर कॉल मोबाइलवर वळेल असं कंपनीकडून आधीच लावून घ्या.

आणि हो, फोन उचलणाऱ्याने आधी कुठलं दुकान ते सांगायचं.