जुन्या फोटोत आपलं गाव शोधताना: आधी फोटो उलटा धरा

एमएच्या प्रोजेक्टला मी साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं आमचंच गाव घेतलं, म्हटलं घरचंच काम आहे, सोपं जाईल, आणि तिथेच फसलो. विमानातून काढलेले जुने फोटो आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाकडे असतात पण परवानग्यांच्या भानगडीत सेमिस्टर निघून जातं, म्हणून मी अमेरिकेच्या कोरोना उपग्रहाचे घेतले (नाव तेच, रोगाशी संबंध नाही). १९६० ते १९७२ मधले हेरगिरीचे फोटो, १९९५ ला खुले केले. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, तिच्या अर्थ एक्सप्लोरर या वेबसाइटवर मिळतात, कोणी आधी स्कॅन करून घेतलेली फ्रेम असेल तर फुकट, नाहीतर पैसे भरायचे.

पहिली फ्रेम बघून मी वहीत लिहिलं, गावाच्या वरच्या अंगाला लांबलचक बांध. प्रिंट घेऊन पारावर गेलो तर आबा हसायलाच लागले, "आरे भाऊ, हाऊ बांध नही शे, नाला शे!" झालं असं की आपल्याकडे सावली बहुतेक उत्तरेला पडते, उत्तर वर धरून फोटो पाहिला की डोळा फसतो आणि खड्डा उंचवटा वाटतो. प्रिंट उलटी फिरवा, सावली आपल्याकडे येऊ द्या, नाला लगेच खाली बसतो.

सगळ्यात भारी सापडला तो फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटाच्या पाण्यावर गावाने मिळून भिजवायचा शेतीचा पट्टा. फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये अख्खा पट्टा एकाच करड्या रंगाचा दिसतो आणि बाजूची विहिरीवरची शेतं गोधडीसारखी तुकड्यातुकड्यांची. आबांनी बोट ठेवून बंधाऱ्यापासून पाट चालवत नेला, पाटकरी (पाटाचं पाणी शेतांना सोडणारा माणूस) कुठे उभा राहायचा तेही दाखवलं, हे कुठल्याच नकाशात नाही. पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, तीही अशीच ओळखता येते, काळ्या रानात फिकट डाग. पण प्रत्येक फिकट डाग पांढरी नसते, पडीक मुरमाड जागाही तशीच दिसते, जाऊन खापरं पडलीत का बघाच.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) फोटो आजच्या नकाशावर बसवताना जुळवणीचा पॉइंट म्हणून नदीचा काठ घेऊ नका, पात्र सरकतं. जुनं देऊळ, विहीर घ्या. फ्रेमच्या कडा ताणलेल्या असतात, गाव मधे येईल अशी फ्रेम शोधा. पाझर तलाव दिसला नाही म्हणून घाबरू नका, आमचा ७२ च्या दुष्काळी कामातला, म्हणजे फोटोनंतरचा आहे.

आणि लॅपटॉप नेऊ नका, ए३ प्रिंट न्या. म्हातारी माणसं कागदावर बोट ठेवतात, स्क्रीनला हात लावायला बिचकतात.