कानालेत्तोच्या रीतीने सिद्धेश्वर तलाव रंगवताना

इटालियन चित्रकार कानालेत्तोच्या (१६९७–१७६८) चित्रांतलं व्हेनिस हुबेहूब वाटतं. प्रत्यक्षात त्याने इमारती सरकवल्या, दोन-तीन जागांवरून दिसणारं एकाच चित्रात बसवलं. सोलापूरवर काम सुरू करणाऱ्याने त्याच्याकडून घ्यायची ती ही मांडणी. सुरुवातीला सिद्धेश्वर तलावच निवडा: पाणी, त्यात मंदिर आणि शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी, सगळं एका नजरेत येतं.

त्याने कॅमेरा ऑब्स्क्युरा (भिंगातून आलेली समोरच्या दृश्याची प्रतिमा गिरवण्यासाठी काचेवर पाडणारी पेटी) किती वापरला यावर अभ्यासकांत वाद आहे, पण शिकायला ही पेटी फार उपयोगी. ७५ मिमी व्यासाचं साधं भिंग घ्या. दूरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पाडा आणि भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ते २५ सेंमी आलं, तर भिंगापासून आरशाच्या मध्यापर्यंत १५ आणि तिथून वरच्या दुधी काचेपर्यंत १० सेंमी ठेवा. आरसा ४५ अंशांत, पेटी आतून काळी. भिंगापुढे २५ मिमी भोकाचा काळा कार्डबोर्ड लावा, नाहीतर कडा धुरकट येतात. काचेवर बटर पेपर, डोक्यावरून जाड काळं कापड. प्रतिमा सुलटी दिसते, पण डावं-उजवं बदललेलं असतं. म्हणून कागद पालथा करूनच पुढे वापरायचा.

काचेवरचे मधले १५ सेंमीच कामाचे. त्यात जेमतेम ३३ अंशांचं दृश्य मावतं, म्हणून तलावाला चार-पाच कागद लागतात. प्रत्येक कागदावर आधीच्या कागदाचा ३ सेंमी भाग पुन्हा येऊ द्या. पेटीवर पाणसळ ठेवा. शिखर चौकटीत यावं म्हणून पेटीचं तोंड वर कललं की बुरूज आतल्या बाजूला झुकतात.

नवशिके अडतात ते पुढे. कागद जोडले की तटबंदीची सरळ रेघ प्रत्येक सांध्यावर मोडते, कारण पेटी वळवली की चित्राचं प्रतलही वळतं. सांधे खोडून जुळवण्यात वेळ घालवू नका. कोऱ्या कागदावर एकच क्षितिजरेषा आखा, लोपबिंदू (लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) ठरवा आणि तटबंदी पट्टीने नव्याने काढा. बटर पेपरवरून फक्त प्रमाणं आणि बारकावे घ्या. मंदिर तटबंदीच्या थोडं जवळ आणायचं, एखादी गिरणीची चिमणी मागे उभी करायची, हे निर्णय इथे होतात, आणि चित्र खरं तर इथेच घडतं. कानालेत्तोच्या वहीत रेखाटनांवरच रंगांच्या नोंदी आहेत. तशा जागेवरच लिहून ठेवा.

कॅनव्हास २४ × ३६ इंच पुरे. कानालेत्तोच्या सुरुवातीच्या चित्रांत अस्तर (चित्राखालचा पहिला रंगाचा थर) तांबूस-तपकिरी आहे, नंतर ते फिकं होत गेलं. आपल्याकडच्या रखरखीत उन्हाला फिकं करडं-बदामी अस्तर शोभतं. इमारतींच्या कडा तो ओल्या रंगात टोकदार हत्याराने कोरायचा. ॲक्रिलिकवर हे साधत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते बघता बघता वाळतं आणि कोरताना साल निघते. इमारतींपुरता तरी तैलरंग वापरा.

माणसं सगळ्यात शेवटी. व्हेनिसचे सोहळे त्याने गर्दीसकट रंगवले. आपल्याकडे संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आहे, उंच नंदीध्वज आहेत, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आहेत. चेहरे काढू नका, जाड रंगाचे दोन-तीन ठिपके बास. तुम्ही सपाट जमिनीवर उभे असाल तर तिथल्या उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत वा लांबची, साधारण क्षितिजरेषेवरच येतात. घाटाच्या पायऱ्यांवरची माणसं मात्र पायरीगणिक त्या रेषेखाली उतरवा.