राउटरचा गाइड बुश जागच्या जागी घट्ट ठेवताना

डिप्लोमा संपवून मी पुण्यातील एका लहान फर्निचर कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात दारांना बिजागऱ्यांच्या खाचा पाडण्याचे काम माझ्याकडे आले. १२ मि.मी. जाडीच्या एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) फर्मा, म्हणजे खाचेचा आकार कापलेला साचा, तयार होता. राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटेने (पात्याने) लाकडात खाच पाडणारे यंत्र. त्याच्या बेसप्लेटमध्ये, म्हणजे तळाच्या प्लेटमध्ये, पितळी गाइड बुश बसवायचा आणि त्याची कॉलर, म्हणजे बिटेभोवती खाली निघालेली नळी, फर्म्याच्या कडेला टेकवून बिट फिरवायची, एवढेच काम होते. पहिली काही दारे उत्तम झाली. पुढच्या एका दारावर मात्र अडीच मि.मी. खोलीची खाच जेमतेम दोन मि.मी. भरली. मी बिट खाली उतरवून पुन्हा फिरवली आणि तेवढ्यात खडखड असा आवाज झाला. राउटर बंद करून पाहिले, तर बुशच्या आतल्या बाजूला बिटेने चंद्रकोरीसारखा ओरखडा काढला होता.

खोली का घटली, हे मिस्त्रींनी समजावून सांगितले. बुशचा वरचा रुंद काठ प्लेटच्या खालच्या अंगाच्या खोबणीत बुडून सपाट बसलेला असतो आणि वरून चकतीसारखा नट त्याला धरून ठेवतो. नट सैल झाला की बुश खाली सरकतो, त्याचा काठ फर्मा आणि प्लेट यांच्यामध्ये येतो व सारा राउटर तेवढाच वर उचलला जातो. म्हणजे सैल बुशची पहिली सूचना आवाजाच्या आधी खाचेच्या खोलीत मिळते. बुश पितळेचा होता म्हणून बिटेचे फारसे नुकसान झाले नाही. पितळ मऊ असते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

त्या दिवशी मी पक्कड घेऊन नट जोरात आवळायला निघालो होतो. “अरे, नट नंतर आवळ, आधी बूड बघ,” असे मिस्त्री म्हणाले. खोबणीत एमडीएफचा भुसा दाबून बसला होता आणि बुश त्या थरावर टेकला होता. राउटर मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे घेतो. त्या थरथरीने भुसा दबतो, नटावरचा ताण जातो आणि मग नट आपोआप फिरू लागतो. प्लास्टिकची प्लेट असेल तर दाबाखाली ती स्वतःही थोडी दबत राहते, म्हणून सकाळी घट्ट केलेला नट दुपारी सैल लागू शकतो. अशा प्लेटवर जास्त जोर लावल्यास ती मध्येच फुगते आणि फर्म्यावर डुगडुगते, हे मी माझ्याच हाताने करून पाहिले आहे.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी आहे. प्लग काढून आणि बिट उतरवून खोबणी व आटे कोरड्या ब्रशने साफ करतो. नट लावताना तो आधी हलकेच उलटा फिरवतो. आट्यांचे टोक जुळल्याची बारीक ‘टिक’ जाणवली की मग सुलटा फिरवतो, त्यामुळे पितळेचे बारीक आटे वाकडे चढत नाहीत. बोटांनी घट्ट झाल्यावर कापड गुंडाळलेल्या पक्कडीने थोडासाच आणखी आवळतो. तरीही नट सुटत असेल तर नटाखाली पातळ रबरी ओ-रिंग किंवा लाटेसारखा वळवलेला वॉशर घालावा, कारण त्याची स्प्रिंगसारखी ताकद प्लेट दबली तरी ताण राखून ठेवते. शेवटी नट आणि प्लेट यांच्यावरून मार्करची एक सरळ रेघ ओढतो. प्रत्येक दारापूर्वी ती रेघ पाहायला दोन क्षण लागतात. तुटलेली दिसली तर काम थांबवतो.

काही राउटरांमध्ये बुश नटाऐवजी दोन स्क्रूंनी बसतो. तिथे स्क्रू धातूच्या बेसमध्ये जात असतील तर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) चालतो. प्लास्टिकवर तो मुळीच लावू नये. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जाऊ शकतात.

बुश घट्ट आहे, पण मध्यावर नाही, असेही होते. बेसप्लेटचे स्क्रू थोडे ढिले करून कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) केंद्र साधणारा शंकू बसवावा, तो बुशमध्ये अलगद दाबावा आणि त्याच स्थितीत स्क्रू आवळावेत. शंकू नसेल तर निदान राउटरची मूठ संपूर्ण कामात एकाच दिशेला ठेवावी, म्हणजे चूक असली तरी ती सगळीकडे सारखी राहते.

फर्म्याच्या तोंडाचा हिशोब आमच्याकडे सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) होतो आणि त्यात तो सोपा पडतो. बुशचा बाहेरचा व्यास पाच सूत, बिट तीन सूत. फरकाचा निम्मा म्हणजे एक सूत, तेवढे प्रत्येक बाजूला जास्त ठेवायचे. तीन इंची बिजागरीसाठी फर्म्याचे तोंड सव्वातीन इंच ठेवले की खाच बरोबर येते. बिटेने गोल राहिलेले कोपरे पटाशीने काढावे लागतात. बुशची नळी फर्म्याच्या जाडीपेक्षा किंचित आखूड हवी, नाहीतर ती लाकडावर टेकते आणि राउटर पुन्हा उचलला जातो. माझ्या संचातली नळी फर्म्यापेक्षा लांब निघाली, तेव्हा ती हॅकसॉने कापून कानशीने साफ केली.

तो ओरखडा पडलेला बुश अजून माझ्या खणात आहे. कामाला तो वापरत नाही. नवा मुलगा आला की आधी त्याच्या हातात देतो आणि खाच उथळ का पडली असेल, असे विचारतो.