बेल्ट सँडर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी: अमळनेरच्या वर्कशॉपमधला माझा अनुभव

आयटीआयला कारपेंटर ट्रेड करून मी अमळनेरला एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये लागलो तेव्हा रंधा, पटाशी, गुण्या, करवत सगळं हातात बसलेलं होतं, पण बेल्ट सँडर, म्हणजे पॉलिश पेपरचा गोल पट्टा पळवून लाकूड घासणारी हातातली मशीन, मात्र लांबूनच पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात मला सागाच्या चौरंगाची फळी घासायला दिली, मशीन कशी धरायची ते कोणी सांगितलं नाही, मी सुरू केली, जमतंय असं वाटलं आणि तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली म्हणून मी नुसती मान वळवली. हात थांबला तो दोन सेकंद, जास्त नाही. आमचे मिस्तरी आप्पा आले, त्यांनी माझं बोट धरून त्या फळीवर फिरवलं, मधोमध बेल्टच्या रुंदीचा खोलगट पट्टा लागला. डोळ्याला दिसत नव्हता पण बोटाला बरोबर कळला. आप्पा म्हणाले, "थांबना का खड्डा पडना समज." तो खड्डा काढायला अख्खी फळी घासून तेवढी खाली उतरवावी लागली, त्यात दुपार गेली.

घासाई म्हणजे हेल्परचं काम असं धरून ते नव्या पोराकडं ढकलतात, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. आठ दिवस खपून जोडलेला माल बिघडवायला ह्या मशीनला क्षण पुरतो. म्हणून मला जे उशिरा कळलं ते लिहितोय.

आधी हिशोब डोक्यात घ्या. आमची मशीन १०० बाय ६१० मिलिमीटर बेल्टची, १२०० वॅटची. अशी मशीन मिनिटाला ५०० मीटरच्या आसपास बेल्ट पळवते, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. मी दोन सेकंद थांबलो त्या वेळात एकाच जागेवरून ८० नंबरचा (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) १६ मीटर पेपर घासून गेला होता! हातानं तेवढं घासायला किती वेळ लागेल ते ज्यानं पॉलिश पेपर घासलाय त्याला सांगायला नको. ७५ मिलिमीटर बेल्टच्या छोट्या मशीन पण मिळतात, त्यांच्यातल्या काहींना स्पीड कमीजास्त करायचं चाक राहतं, शिकायला मिळाली तर तीच घ्या आणि स्पीड खाली ठेवून सुरुवात करा.

दुसरी चूक माझी दाबायची होती. रंध्याची सवय, रंध्याला जोर लागतो ना, तसाच मी मशीनवर भार टाकायचो. आप्पांचं परत तेच, "दाबू नको रे पोऱ्या, तिनं वजन तिले पुरस." मशीन पाच-सहा किलोची आहे, तेवढं वजन लाकडाला भरपूर झालं. दाबलं की मोटर तापते, बेल्ट गरम होऊन त्याच्यात भुसा चिकटून बसतो, लाकडावर काळपट डाग उठतात आणि काम उलट हळू होतं. मागचा हात मशीन चालवतो, पुढचा हात फक्त दिशा दाखवतो, मी असं लक्षात ठेवलं होतं.

मशीन लाकडावर ठेवून बटण कधीच दाबायचं नाही. हवेत धरून चालू करायची, पूर्ण स्पीड येऊ द्यायची, मग विमान उतरतं तशी मागची बाजू आधी टेकवत पुढं सरकत उतरवायची, आणि उचलताना पण हात चालू असतानाच उचलायची, बटण नंतर सोडायचं. बटण सोडल्यावर पण बेल्ट जरा वेळ फिरत राहतो, तो पूर्ण थांबल्याशिवाय खाली ठेवायची नाही. हात पुढं-मागं लांब आणि सारख्या चालीनं, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासायचं, आडवं घासलं तर जे ओरखडे पडतात ते पॉलिश मारल्यावर असे उठून दिसतात की परत सगळं उतरवावं लागतं. फक्त फळ्या जोडून मोठा टॉप केलेला असला आणि जोड वरखाली झाले असतील तर आधी तिरपं घासून सपाट करायचं, मग सरळ रेषेत घासून ते तिरपे ओरखडे काढायचे.

बेल्ट खालच्या बाजूला पुढून तुमच्याकडं पळतो, म्हणून मशीन स्वतः पुढं ओढते आणि लाकूड तुमच्याकडं फेकते. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. लाकूड क्लॅम्पनं धरायचं, नाहीतर टेबलावर तुमच्या बाजूला लाकडापेक्षा पातळ पट्टी ठोकून अडण करायची. पोळपाटासारखी लहान वस्तू एका हातानं धरून दुसऱ्या हातानं सँडर फिरवणारे मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका, ती वस्तू पोटावर येते.

आता जी गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो ती सांगतो. मे महिना होता, आपल्याकडं मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो ते तुम्हाला माहितीच आहे. मी मशीनचं लॉक बटण दाबून काम करत होतो, म्हणजे बोट काढलं तरी मशीन चालू राहते ते. मध्येच लाईट गेली. मशीन बंद पडली, मी ती तशीच टेबलावर बेल्ट खाली करून ठेवली आणि माठाकडं गेलो, मग सगळे बाहेर निंबाखाली बसलो. अर्ध्या-पाऊण तासानं लाईट आली आणि आतून आवाज आला. धावत गेलो तर मशीन टेबलावर एकटीच पळत होती, समोरच्या तयार दाराच्या फळीवर चढून कोपरा खाऊन गेली आणि वायरला हिसका बसून खाली पडली तरी बेल्ट फिरतच होता. मी प्लगची पिन ओढली. त्याच टेबलाच्या कडेला थोड्या वेळापूर्वी मालकांचा शाळेतला पोरगा बसून पाणी पीत होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आजही लिहिताना ते टेबल डोळ्यासमोर येतं.

त्यामुळं लाईट गेली की पहिलं काम लॉक सोडणं, दुसरं पिन काढणं, मग पाणी. पिन लावण्याआधी पण प्रत्येक वेळी बटण दाबून-सोडून बघायचं की लॉक अडकलेलं नाही. नव्या माणसानं तर लॉक वापरूच नये, बोट दुखलं तर दुखू द्या. आणि मशीन ठेवायची ती आडवी, कुशीवर.

वायरचं पण बघा. १२०० वॅटची मशीन पाच अँपिअरच्या वर करंट घेते, टेबल फॅनच्या बारीक वायरचं एक्स्टेन्शन तिला चालत नाही, निदान १.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर पाहिजे आणि गुंडाळी असली तर पूर्ण उलगडून, कारण गुंडाळीत वायर तापते. घासताना वायर खांद्यावरून मागं टाकायची म्हणजे ती बेल्टखाली येत नाही.

आपल्याकडं उन्हाळ्यात गळ्यात रुमाल किंवा गमछा राहतोच, घाम पुसायला लागतो. सँडर हातात घेताना तो काढून खुंटीला लावायचा. वाकून काम करताना त्याचं टोक बेल्टजवळ लोंबतं, रोलरमध्ये गेलं तर मान खाली ओढली जाते. हातातला दोरा, कडं, सैल बाह्या, सुती हातमोजे हे पण नको. घाम पुसायचा तर मशीन थांबवून पुसा.

धुळीबद्दल आमच्याकडं कोणी बोलतच नव्हतं. तोंडाला रुमाल बांधला की झालं असं समजायचे. पण जी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते ती रुमालातून आरपार जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली, नाकाच्या आतल्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे. सागाच्या आणि शिसवाच्या धुळीनं काही जणांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, मला स्वतःला निंबाची फळी घासली की घसा धरतो. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून लावा, डोळ्याला बाजूनं पण बंद असलेला गॉगल, आणि कानात प्लग, कारण हा आवाज रोज तासन् तास ऐकून कान हळूहळू जातात, गेलेले परत येत नाहीत. पंखा समोर लावू नका, बाजूनं असा लावा की धूळ दाराबाहेर जाईल. मशीनला मागं भुसा गोळा करायची पिशवी राहते, ती अर्धी भरली की रिकामी करायची.

पिशवीवरून आठवलं. खान्देशात जुने वाडे पाडले की त्यातलं सागवान विकायला येतं, चौकटी, दारं, तुळया, लाकूड एकदम पक्कं, नवीन सागात तसं क्वचित मिळतं. पण त्यात खिळे आणि मोडलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, लपलेल्या राहतात. एकदा अशाच चौकटीवर मी सँडर फिरवला, वर रंगाच्या थराखाली खिळ्याचं डोकं होतं, ठिणगी उडाली, मला वाटलं विझली. दहा मिनिटांनी जळका वास आला तर पिशवीतला भुसा आतून धुमसत होता. अंगणात नेऊन पाण्याच्या बादलीत बुडवली. रात्री वर्कशॉप बंद झाल्यावर हे झालं असतं तर काय, ह्याचा विचार करवत नाही. तेव्हापासून जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवतो, तो जिथं ओढतो तिथं खडूनं गोल करतो आणि खिळा काढल्याशिवाय मशीन लावत नाही. संध्याकाळी भुसा वर्कशॉपच्या बाहेर, पिशवी रिकामी.

जुन्या दारांचा ऑइल पेंट सँडरनं उडवायचा मोह होतो, तो पण टाळा. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१६ मध्ये आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते तुम्हाला बघून कळणार नाही, आणि त्याची धूळ घरातल्या लहान पोरांना सगळ्यात वाईट. असा रंग रिमूव्हर लावून, ओला असतानाच खरवडून काढावा.

नंबरचं गणित सोपं आहे. फार खडबडीत असेल तर ६०, नाहीतर ८०, मग १००, मग १२०. तिथं बेल्ट सँडर थांबतो. पुढचं १८० आणि २२० गोल फिरणाऱ्या ऑर्बिटल सँडरनं किंवा हातानं. ६० वरून थेट १२० वर उडी मारली तर ६० चे ओरखडे आत तसेच राहतात. मी प्रत्येक नंबरच्या आधी फळीवर पेन्सिलीनं आडव्यातिडव्या पुसट रेघा ओढतो, सगळ्या रेघा सारख्या गेल्या की तो नंबर झाला, कुठं रेघ राहिली तर तिथं खळगा आहे. पण रेघ राहिलेल्या जागीच मशीन दाबून धरू नका, पूर्ण फळीवरूनच परत फिरवा. शेवटी लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून आडवा मारायचा, दिवसा न दिसलेली प्रत्येक लाट दिसते.

कडेला मशीन एक तृतीयांशच्या वर बाहेर जाऊ द्यायची नाही, नाहीतर ती कलंडते आणि धार गोल होते. त्याच जाडीच्या दोन टाकाऊ पट्ट्या दोन्ही टोकांना लावून घ्या, जे काय कलंडायचं ते त्यांच्यावर कलंडेल. फेव्हिकॉल बाहेर आलेला असेल तर पटाशीनं आधी खरवडा, तो तापून बेल्टला चिकटतो. आणि प्लायवूड किंवा व्हिनियरवर (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर) बेल्ट सँडर नकोच, वरचा थर बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरचा राहतो, खालचा थर कधी वर आला ते कळत पण नाही.

बेल्ट बदलताना पिन काढलेली पाहिजे. बेल्टच्या आत बाण राहतो, तो फिरायच्या दिशेनं, उलटा लावला तर जोड उखडून बेल्ट फाटतो. लावल्यावर मशीन उलटी धरून क्षणभर चालू करायची आणि बाजूचा नॉब थोडा थोडा फिरवून बेल्ट रोलरच्या कडेशी बरोबर आणायचा, आतल्या बाजूला सरकला तर तो मशीनची बॉडी कापतो. सागाचं तेल बेल्टमध्ये भरून तो चोपडा होतो, त्यासाठी क्रेप रबराचा ठोकळा मिळतो, नाही मिळाला तर जुन्या बुटाचा क्रेप सोल चालत्या बेल्टवर हलका टेकवा, तोंड भरलेला बेल्ट परत कापायला लागतो. हे करताना मशीन क्लॅम्पनं उलटी घट्ट बांधलेली पाहिजे.

पावसाळ्यात मात्र नवीन बेल्ट भिंतीवरच्या खिळ्याला लटकवू नका, ओलीनं जोडाचा गोंद सुटतो आणि खिळ्यावर घडी पडते ती वेगळी. आम्ही जाड पाइपाचा तुकडा भिंतीला ठोकलाय, बेल्ट त्याच्यावर प्लास्टिकच्या पिशवीत, नंबरवारी. सध्या त्यात १०० नंबरचे दोनच उरलेत.